टेकडीवरचा भराव

माझा उभा जन्म जमिनीला भोकं पाडण्यात गेला. कागदोपत्री हुद्दा जिओटेक्निकल इंजिनिअर असा भारदस्त होता, पण नागपूरला माझी आई शेजारणींना सांगायची की पोरगा अमेरिकेत बोअरवेल मारतो. पाणी लागलं नाही तरी पगार देतात, याचं तिला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

काम सांगायला सोपं आहे. जागेवर इमारत उभी करायच्या आधी खालची माती तिचं ओझं पेलेल का, हे पाहायचं. त्यासाठी ट्रकवर बसवलेलं ड्रिल आणायचं, भोकात एक पोकळ नळी सोडायची आणि वरून ठरावीक वजनाचा हातोडा टाकत राहायचं. थोडक्या ठोक्यांत नळी आत गेली तर माती मऊ, फार ठोके लागले तर टणक. मग नळी वर काढून उघडायची, आतली माती बोटांत चोळायची आणि तिचा वास घ्यायचा. नव्या पोरांना वास घ्यायची लाज वाटते, म्हणून त्यांना सडका पाला आणि सांडलेलं डिझेल यातला फरक प्रयोगशाळेकडून कळवून घ्यावा लागतो. हे झालं की अहवाल लिहायचा. अहवालाची शेवटची दोन पानं वकिलांची असतात. आधीच्या सगळ्या पानांवर फारसं विसंबू नका, असा त्यांचा सारांश असतो.

या धंद्यात नाव होत नाही. इमारत उभी राहिली की उद्घाटनाला आर्किटेक्टला बोलावतात. आम्हाला बोलावतात ते भिंतीला तडा गेल्यावर.

सुरुवातीची काही वर्षं मी टेक्सासात होतो. अर्विंग आणि आसपासची माती म्हणजे आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीची सख्खी बहीण: पाणी प्यायली की फुगते, उन्हात आक्रसते आणि वरची घरं दरवर्षी थोडी वरखाली करते. तिथे आपल्याच एका रेस्टॉरंटवाल्याचा पुढचा दरवाजा लागेना. त्याने आधी वास्तुतज्ज्ञ बोलावला, त्याने दरवाजा पूर्वेकडे सरकवून दिला. दोन उन्हाळ्यांनी तोही लागेना, तेव्हा मला बोलावलं. मी म्हटलं, दादा, पाइपातून गळणारं पाणी बंद करा. त्याचा चेहरा पडला. इतक्या स्वस्तात दोष जावा, हे त्याला अपमानास्पद वाटलं असावं.

पुढे अमेरिकेच्या वायव्य टोकाला, बेलव्ह्यूला आलो. इथे लोक तळं दिसावं म्हणून उतारावर घर घेतात आणि मग उतार आहे म्हणून घाबरतात. एका सॉफ्टवेअरवाल्या जोडप्याला त्यांची टेकडी घसरणार नाही असं प्रमाणपत्र हवं होतं. मी विचारलं, किती काळासाठी? नवरा म्हणाला, "फॉरएव्हर लिहा ना, काका." मी त्याला सांगितलं, की ही टेकडी हिमनदीने आणून टाकलीय आणि ती हिमनदीसुद्धा फॉरएव्हर टिकली नाही. त्यांनी दुसरा इंजिनिअर गाठला.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण संपादकांनी 'एखादा लक्षात राहिलेला अनुभव' मागितला, तेव्हा जो आठवला तो निवृत्तीनंतरचा आहे आणि फुकट केलेल्या कामाचा आहे.

बेलव्ह्यूजवळच्या बॉथेल गावाच्या आसपास आपली बरीच मंडळी आहेत. नागपूर, पुणे, औरंगाबाद, सगळीकडची. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये, काही औषधांच्या कंपन्यांत, काही शिकणारी. दर रविवारी वाचनालयाची खोली मागून घ्यायची, बुद्धवंदना करायची, पुढच्या संस्थेची माणसं दारात येऊन उभी राहिली की सतरंज्या गुंडाळायच्या. स्वतःचा विहार असावा हे सगळ्यांच्या मनात होतं. समितीचा अध्यक्ष रोहित. पोरगा चांगला, कामाचा, फक्त प्रत्येक गोष्टीचं सादरीकरण करतो. त्याने एकदा मला गाठलं.

"जय भीम, काका. पूर्वेकडे डोंगर सुरू होतो ना, तिथे एक प्लॉट मिळतोय. जुना लाकूडवाला मालक वारला, मुलांना विकून टाकायचाय. सॉइल टेस्ट करून द्याल?"

"स्वस्त आहे?"

"खूप."

"मग जमिनीत काहीतरी असणार," मी म्हटलं.

जागा सुंदर होती. उंच फरची झाडं, एका कडेला ओढा, आणि मधोमध उतारावर एक पट्टा असा, की तिथे फर एकही नाही, सगळी ऑल्डरची झाडं. या भागात हे पाहून इंजिनिअर सावध होतो. जमीन उखडली गेली, जळाली किंवा घसरली की सर्वांत आधी ऑल्डर उगवतो. मी मनाशी म्हटलं, जुनी दरड. ओळखीच्या ड्रिलवाल्याला बोलावलं आणि त्या पट्ट्यात पहिलं भोक घेतलं.

दरड नव्हती. नळी उघडली तर आत काळी, तेलकट माती आणि तिच्यात वितळून पुन्हा गोठलेला चंदेरी धातूचा गोळा. ॲल्युमिनियम. दुसऱ्या भोकात तेच. म्हणजे हा भराव होता. कुणीतरी खड्ड्यात काहीतरी लोटून वर माती ओढली होती.

आम्ही तिसऱ्या भोकाची तयारी करत होतो, तेवढ्यात ओढ्याकडच्या पायवाटेने एक बाई वर आल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेली, हातात काठी, दुसऱ्या हातात बरणीत डेलियाची फुलं. ड्रिलकडे पाहून त्या थांबल्या.

"घरं बांधताय?"

"अजून काही नाही. माती पाहतोय."

"लागलं काही?"

मी तो गोळा दाखवला. त्यांनी हातात घेतला, वजन पाहिलं आणि परत दिला. "विमान आहे ते," त्या म्हणाल्या. "माझे वडील त्यात होते."

त्यांचं नाव बेव्हर्ली. ड्रिलच्या ट्रकच्या पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. दुसरं महायुद्ध संपून दोन-चार वर्षं झाली होती. म्हणजे मरायचं कारण उरलेलं नव्हतं, पण बॉम्बर होते, वैमानिक होते आणि सराव चालू होता. अशाच एका सरावाहून परतताना चार इंजिनांचं एक बॉम्बर धुक्यात या उतारावर आदळलं. सगळे गेले. वडील रेडिओ ऑपरेटर होते, बाविशीतले. आई खालच्या गावात भाड्याच्या खोलीत राहत होती, बेव्हर्ली पोटात. सैन्याने जे मिळालं ते गोळा केलं, उरलेलं बुलडोझरने खड्ड्यात लोटलं आणि सीलबंद शवपेटी आगगाडीने दूर नेब्रास्का राज्यात वडिलांच्या आईबापाकडे पाठवून दिली. उघडू नये, अशी सूचना होती.

"माझा मामा खांदा द्यायला गेला होता," त्या म्हणाल्या. "परत येऊन तो आईला बोलला, पेटी फार हलकी होती गं. बस, तेवढंच. आई नेब्रास्काला कधीच गेली नाही. ती इथे येत राहिली. मग मला घेऊन येऊ लागली. आता मी येते. जुना मालक भला होता, कुंपणाला माझ्यासाठी फट ठेवली होती त्याने."

"आम्ही फट बुजवणार नाही," मी म्हटलं. अधिकार नसताना आश्वासनं देणं मला समितीत राहून जमायला लागलं होतं.

त्यांनी भोकाकडे बोट केलं. "किती खोल जातं हे?"

पुढच्या रविवारी वंदनेनंतर मी सगळं समितीपुढे ठेवलं. आमची माणसं हळवी आहेत. पाच मिनिटांत खोलीतलं वातावरण बदललं. जमीन घ्यायची की नाही हा प्रश्नच मागे पडला. इतर कुणी असते तर भुताखेताचा विषय निघाला असता. आमच्याकडे निघाला तो सन्मानाचा. रोहितने जागेवरच लॅपटॉप उघडला.

"काका, सिंपल आहे. बिल्डिंग ओढ्याच्या बाजूला शिफ्ट करू. ही जागा तशीच ठेवायची, कुणी हात लावायचा नाही. वर एक छोटा स्तूप बांधू. सगळ्यांची नावं. त्या आजींना चीफ गेस्ट करू."

"त्यांना विचारलंस?"

"अहो, यात विचारायचं काय? त्यांना आनंदच होणार ना!"

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. स्मारक ही आमच्या रक्तातली गोष्ट आहे. दीक्षाभूमीच्या गर्दीत खांद्यावर बसून मी मोठा झालो. पवित्र जागेला प्रदक्षिणा घालायची, डोकं टेकवायचं, पुढे सरकायचं. ती उघडायची असते, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. बातमी पसरली आणि हौशे जमू लागले. कुणी महापौरांचा शब्द आणला. माजी सैनिकांच्या एका संघटनेने बिगुलवाला पाठवायची तयारी दाखवली; बिगुल नेमका कशासाठी वाजवायचा ते अजून ठरायचं होतं.

बेव्हर्लीबाईंना बोलावलं. त्या वाचनालयाच्या खोलीत पुढच्या खुर्चीवर बसल्या, खीर खाल्ली, छान आहे म्हणाल्या. रोहितने पडद्यावर स्तुपाचं चित्र दाखवलं. पांढराशुभ्र, भोवती डेलिया.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "हे तुमच्याकडे कशासाठी बांधतात?"

रोहित खुलला. "मॅम, थोर व्यक्तीच्या अस्थी आत ठेवलेल्या असतात. त्यावर बांधतात."

"आणि आत त्या आहेत, हे कसं कळतं?"

अडीच हजार वर्षांच्या परंपरेकडे उत्तर असेलही, पण त्या दिवशी आमच्यापैकी कुणाला ते ठाऊक नव्हतं.

"रागावू नका," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे फार चांगले आहात. पण मला वर काही नकोय. वर मी आयुष्यभर पाहिलंय. मला खाली काय आहे ते पाहायचंय. तो इथे आहे की तिथे, एवढंच. मला आता टेकडी चढवत नाही, दोन ठिकाणी जाणं तर होणारच नाही. कुठल्या एका ठिकाणी जायचं ते कळलं तर बरं."

त्या गेल्यावर वादाला तोंड फुटलं.

"काका, डिगिंग केलं आणि हाडं निघाली तर? काउंटीची सरकारी माणसं येतील, मिलिटरी येईल. प्रोजेक्ट वर्षभर लटकेल."

"लटकेल."

"मग रिपोर्टमध्ये लिहा ना, बिल्डिंग शिफ्ट करणं बेटर. तुम्ही लिहिलं की सगळे ऐकतील."

हे खरं होतं, आणि अडचण तीच होती. दोन्ही गोष्टी तांत्रिकदृष्ट्या बरोबर होत्या. इमारत ओढ्याकडे सरकवता आली असती. भराव पूर्ण काढून चांगली माती ठोकून बसवता आली असती, म्हणजे विहार टेकडीच्या मधोमध, जिथे तो शोभला असता तिथे झाला असता. मी जे वाक्य लिहीन त्यावर एक म्हातारी बाई फुलं घेऊन कुठे जाणार ते ठरणार होतं. आयुष्यभर मी माझ्या अहवालांबद्दल तक्रार केली की ते कुणी वाचत नाही. यावेळी सगळे वाचणार होते.

"रोहित," मी म्हटलं, "आपल्या बापाच्या अस्थी कुठेयत हे विचारणाऱ्या माणसाला गप्प बस, वर पांढरा रंग देतो, असं आपण सांगायचं?"

त्याने लॅपटॉप मिटला. मग म्हणाला, "काका, तुम्ही इमोशनल ब्लॅकमेल करताय, यार."

"करतोय."

मी भराव काढावा असं लिहिलं. जमीन घेतली, परवानग्या झाल्या. काउंटीच्या सांगण्यावरून एक पुरातत्त्ववाली मुलगी देखरेखीला आली. सैन्याच्या कार्यालयातून फोनवर एका सभ्य आवाजाने सांगितलं, की त्यांच्या दृष्टीने प्रकरण तेव्हाच बंद झालं आहे, पण काही सापडलं तर कळवावं. यंत्राने माती काढायची, ताडपत्रीवर पसरायची आणि चाळणीतून गाळायची. हे काम शनिवारी आमच्या मंडळींनी अंगावर घेतलं. ज्यांनी जन्मात फावडं धरलं नव्हतं अशी माणसं चिखलात बसून माती चाळत होती. कुणीतरी पोह्यांचं पातेलं आणायचं. रोहितच्या तळहाताला फोड आले. त्याने त्यांचा फोटो ग्रुपवर टाकला.

बेव्हर्लीबाई रोज खुर्ची टाकून बसायच्या. कुणी काही उचलून आणलं की चष्मा पुसून पाहायच्या. वाकलेले पत्रे, मूठभर रिव्हेट, मापकाची काच, रबराचा तुकडा, इंजिनाचा सिलिंडर. एकदा रोहित पळत आला. त्याच्या हातात पट्ट्याचं बक्कल होतं. त्यांनी ते मुठीत घेतलं, डोळे मिटले. आम्ही सगळे हात थांबवून उभे. मग त्यांनी ते त्याला परत दिलं.

"सगळ्यांनाच बक्कल होतं, बाळा," त्या म्हणाल्या.

शेवटी नळीला टणक लागावी अशी हिमनदीची जुनी माती आली. तिला विमान शिवलेलं नव्हतं. हाड एकही नव्हतं.

रोहितच्या चेहऱ्यावर दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या: काम लटकणार नाही याची सुटका आणि त्या सुटकेची शरम. तो माझ्या कानाशी आला. "काका, तुम्हीच सांगा त्यांना. म्हणजे, वडील इथे नाहीत, तिकडेच आहेत, असं सांगून टाका ना. त्यांना बरं वाटेल."

त्यांना खरंच बरं वाटलं असतं. मी खुर्चीशेजारी उकिडवा बसलो.

"मग," त्या म्हणाल्या, "तो इथे नाही."

"हाड नाही, एवढं मी सांगू शकतो."

"म्हणजे?"

"इथली माती आंबट असते. फरचा पाला कुजतो, त्यातून पाऊस झिरपतो. लोखंड टिकतं, काच टिकते. हाड इतकी वर्षं टिकेलच असं नाही. होतं आणि विरलं असेल. किंवा नव्हतंच."

"म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

"नाही."

"एवढं खणून?"

"एवढं खणून."

मला वाटलं आता त्या रडतील, किंवा मला काठी मारतील. त्या हसल्या. आधी हलकेच, मग खांदे हलेपर्यंत. ताडपत्रीवरची मंडळी बघायला लागली. "आईला न खणता माहीत होतं," त्या म्हणाल्या, "आणि इंजिनिअरला खणून माहीत नाही!"

"खोटं सांगता आलं असतं," मी म्हटलं.

"हो. तो पोरगा तुमच्या कानात तेच सांगत होता ना?" त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "नेब्रास्कात माती कशी असते?"

हा मात्र माझ्या अभ्यासक्रमातला प्रश्न होता. मी सांगितलं, की तिथे पुष्कळ ठिकाणी वाऱ्याने आणून टाकलेली माती आहे, पिठासारखी बारीक, पिवळसर. चुनखडी असलेली. हाडांना ती जपते.

"म्हणजे तिथे असला, तर अजून असेल."

"असला तर असेल."

"तेवढं पुरे," त्या म्हणाल्या आणि काठी शोधू लागल्या.

खड्डा चांगल्या मातीने भरला. रोहितने महापौरांना आणि बिगुलवाल्याला आपणहून नको म्हणून कळवलं, हे त्याच्या नावावर जमा असू द्या. विहाराचा पाया आता त्या उतारावर मधोमध आहे आणि माती मी स्वतः थरावर थर तपासून घेतली आहे.

बेव्हर्लीबाईंना विमानाची भीती वाटते, आणि ती वाटण्याचा अधिकार त्यांच्याइतका कुणाला नाही. त्या आगगाडीने नेब्रास्काला गेल्या. मी दुपारी भाजी चिरत होतो तेव्हा त्यांचा फोन आला. मागे वारा घोंगावत होता.

"थडगं सापडलं का?" मी विचारलं.

"सापडलं. आजी-आजोबांच्या शेजारीच आहे. मला वाटलं होतं रान माजलं असेल, दगड कलला असेल. आमच्याकडून कुणी कधी आलंच नाही ना. पण गवत कापलेलं आहे. काठाकाठाने, नीट. इथे एक माणूस यंत्र घेऊन काम करतोय. त्याच्या आधी त्याचा बाप करायचा म्हणे. इतकी वर्षं, आणि मी तिकडे झुडपांना फुलं वाहत होते."

"बोललात त्याच्याशी?"

"बोलले. राहवलं नाही, सगळं सांगितलं त्याला. पेटी हलकी होती, कदाचित रिकामी असेल, तुम्ही कदाचित कुणाचंच गवत कापत नसाल."

"मग काय म्हणाला?"

"त्याने यंत्र बंद केलं, टोपी काढली आणि म्हणाला, 'बाई, आम्ही उघडून बघत नाही. सगळ्यांचंच कापतो.'"